मेकॅनिकल इंजिनियरची बोट

आमच्या घरात कुठलंही महत्त्वाचं बोलणं पूर्ण होत नाही, कारण मुलगी मधेच उठून जाते. भांडत नाही, दार आपटत नाही. ‘ओके’ म्हणते आणि आपल्या खोलीत जाते. म्हणून मी ठरवलं की या वेळी तिच्याशी बोलायचं ते तलावाच्या मधोमध, बोटीत बसून. चारी बाजूंना पाणी असल्यावर जाऊन जाऊन जाणार कुठे? ही कल्पना मला कंपनीतल्या एका रटाळ मीटिंगमध्ये सुचली आणि उरलेला अर्धा तास मी स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन बसलो होतो.

मुलगी तेव्हा नुकतीच अठरा वर्षांची झाली होती. तिच्या हातात दोन ठिकाणचे प्रवेश होते. एक चांगल्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला, म्हणजे सीएसला. अमेरिकेत आम्ही राहतो त्या सनीव्हेलमध्ये ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं स्वप्न बघितलं जातं तो. दुसरा उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यात, बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकवणाऱ्या दोन वर्षांच्या कोर्सला. आम्ही बोटीनं जाणार होतो त्याच शनिवारी संध्याकाळपर्यंत दोहोंपैकी एकाला हो म्हणायचं होतं.

या दुसऱ्या प्रवेशाला जबाबदार आम्हीच. दीड वर्षापूर्वी ती शनिवार-रविवार एका बोट दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला जाऊ लागली, तेव्हा आम्ही दोघंही खूष होतो. कॉलेजच्या अर्जात असलं काहीतरी वेगळं छान दिसतं, असं सगळे सांगतात. अर्जात ते खरोखरच छान दिसलं. पण पोरगी अर्जासाठी तिथे जात नव्हती, हे आमच्या लक्षात यायला जरा उशीर झाला.

‘तू समजावून आण तिला. तुझं ऐकते ती,’ बायको म्हणाली. माझं कुणीतरी ऐकतं ही अफवा आमच्या घरात बायकोच पसरवते, तीसुद्धा काम नकोसं असलं की.

पण माझ्याकडे हुकमाचं पान होतं. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. पुण्यातल्या कॉलेजातून फर्स्ट क्लास, आणि शेवटच्या वर्षी डिग्री हातात पडायच्या आधीच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. आमच्या वर्गातल्या साठांपैकी पन्नासजणांचं हेच झालं, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. माझा मुद्दा साधा होता: इंजिनाची आवड असू दे की, छंद म्हणून जोपास, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. बघ माझ्याकडे. मी या मुद्द्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे.

अडचण एवढीच होती की या उदाहरणानं आयुष्यात एकही इंजिन उघडलेलं नव्हतं. कॉलेजात फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती मी अशी काढायचो की सर ती वर्गभर फिरवायचे. बाण, छेद, पेन्सिलचं शेडिंग, सगळं. प्रॅक्टिकलला मात्र इंजिनाभोवती आम्ही वीसजण उभे असायचो आणि मी तिसऱ्या रांगेत असायचो. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा कानशीनं घासून द्यायचा होता, तो तिथल्या मामांनी घासून दिला. जर्नल सीनियरचं उतरवलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ‘चार सिलिंडरची फायरिंग ऑर्डर?’ म्हणजे सिलिंडरांना ठिणगी द्यायचा क्रम. मी झोपेतून उठवल्यासारखं ‘एक-तीन-चार-दोन’ म्हणालो. सर इतके प्रसन्न झाले की त्यांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. माझं यांत्रिकी ज्ञान त्या दिवशी जिथे होतं तिथेच आजही आहे.

तर उदाहरणाला निदान एकदा तरी इंजिनाला हात लावणं भाग होतं. म्हणून आदल्या रविवारी, मुलगी कामावर गेलेली असताना, मी एकटा भाड्याच्या जागेत उभ्या असलेल्या आमच्या बोटीकडे गेलो.

ही बोट आमच्याकडे आली ती एका मित्रामुळे. तो नोकरी बदलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, हर्नडनला गेला आणि जाताना बोट आमच्या गळ्यात मारून गेला. जेट बोट. तिला पाण्याखाली पंखा नसतो; इंजिन तळातून पाणी ओढून घेतं आणि मागून जोरात फेकतं, त्या जोरावर बोट पळते. आमची बोट माझ्या लग्नाहून जुनी आहे आणि तिच्या मागच्या भागात आठ सिलिंडरचं अगडबंब इंजिन उघडंच बसवलेलं आहे. नेहमीची देखभाल मुलगी करायची. मी टॉर्च धरायचो.

त्या रविवारी मी स्पार्क प्लग बदलायचे ठरवले. प्रत्येक सिलिंडरला एक प्लग, म्हणजे आठ, आणि प्रत्येक प्लगला ठिणगी पोचवणारी एक वायर. व्हिडिओतला माणूस सांगत होता की एक वायर काढा, तो प्लग बदला, वायर परत लावा, मगच दुसरीला हात घाला. मला हे फारच संथ वाटलं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाचा वेग वाढवून द्यायचा पगार घेतो मी. मी आठही वायरी दोन्ही टोकांनी एकदम उपसल्या, फडक्यानं पुसल्या आणि सीटवर ओळीनं मांडून ठेवल्या. दिसत तर फार छान होत्या.

नवे प्लग बसवले. मग वायरी परत लावायची वेळ आली. सिलिंडर आठ, आणि सगळ्या वायरी जिथून निघतात त्या गोल टोपीलाही भोकं आठ. कुठला सिलिंडर कितव्या नंबरचा ते फोनवर शोधलं. पहिल्या वायरीचं भोक टोपीवर खुणेनं दाखवलेलंच होतं. पुढे काय, एकानंतर दोन, दोनानंतर तीन. बालवाडीपासून हेच शिकवलेलं. ‘फायरिंग ऑर्डर’ हे दोन शब्द, ज्यांच्यावर मी डिग्री मिळवली, ते त्या वेळी माझ्या डोक्याच्या आसपासही फिरकले नाहीत. पाण्याबाहेर जेट बोट सुरू करत नाहीत, एवढं मला माहीत होतं, त्यामुळे चालवून बघायचा प्रश्नच नव्हता. ऑफिसात कुणी न तपासता काम पुढे ढकललं तर मी त्याला अर्धा तास भाषण देतो. इथे मी हात धुतले, बारा वेळा, आणि घरी येऊन पोहे खाल्ले.

बेत असा होता: तलावाच्या मध्यावर गेलं की सहज म्हणायचं, ‘अगं, गेल्या रविवारी दोन कॉलच्या मधे मीच आठही प्लग बदलले.’ तिनं डोळे विस्फारायचे. मग मी मुद्द्यावर यायचं.

शनिवारी तिनं कामावरून सुट्टी घेतली आणि सकाळी आम्ही तलावावर पोचलो. ट्रेलर उलटा घेऊन उतारावरून पाण्यात न्यायचं काम तिनंच केलं. मी एकदा प्रयत्न केला होता, तेव्हापासून त्या विषयावर आमच्यात काही बोलणं होत नाही. बोट लाकडी धक्क्याला बांधली. इंजिनाजवळ साठलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा छोटा पंखा तिनं चार-पाच मिनिटं चालवला आणि मग चावी फिरवली.

इंजिन घर्र घर्र घर्र फिरलं, आणि फट्ट असा आवाज झाला. शेजारच्या बोटीतल्या बाईंच्या हातातली कॉफी सांडली. मुलीनं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा घर्र घर्र, पुन्हा फट्ट.

चावी बंद करून तिनं माझ्याकडे वळून विचारलं, ‘बाबा, लास्ट टाइम आपण आलो तेव्हा मस्त चालली होती. त्यानंतर कुणी काही टच केलं?’

आता हा प्रश्न माझा आहे. म्हणजे माझ्या नोकरीतला आहे. माझ्या हाताखाली नऊजण काम करतात. काही बिघडलं की मी त्यांना सगळ्यात आधी हेच विचारतो, की शेवटचा बदल काय केला? आणि दर वेळी कुणीतरी ‘काहीच नाही’ म्हणतो, आणि दर वेळी तोच खोटं बोलत असतो. या विषयावर माझं एक प्रेझेंटेशन आहे. नव्या माणसांना ते दाखवतात.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘नाही. काहीच नाही.’

का म्हणालो? तेव्हा मनाशी म्हटलं, प्लगचा काय संबंध असणार, मी तर नवेकोरे बसवलेत. दुसरं काहीतरी असेल, ती शोधेल, सुरू होईल, आणि मग मध्यावर गेल्यावर मी प्लगची गोष्ट ऐटीत सांगेन. खरं कारण इतकंच होतं की मला तिच्यासमोर तोंडघशी पडायचं नव्हतं, आणि तेही त्याच दिवशी.

‘ओके, देन इट्स समथिंग सिंपल,’ ती म्हणाली आणि कामाला लागली.

पहिल्यांदा तिनं चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची लाल दोरी बघितली. माणूस पाण्यात पडला की ती निघते आणि इंजिन बंद पडतं. ती जागेवर होती. बॅटरीच्या तारा घट्ट होत्या. पेट्रोल येत होतं. मग तिला वाटलं, हिवाळाभर टाकीत राहून पेट्रोलमध्ये पाणी झालं असेल. तिनं फिल्टर सोडवला, त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून उन्हात धरून बघितलं. स्वच्छ. मुख्य वायरीला ठिणगी येते का ते पाहिलं. निळी, सणसणीत ठिणगी येत होती.

मी या काळात काय करत होतो? सूचना देत होतो. ‘बॅटरी असेल.’ ‘पेट्रोल बघितलंस का?’ ती जे बघून झालेली असायची तेच मी थोड्या वेळानं सुचवायचो. ती काही बोलली की मी ‘एक्झॅक्टली’ म्हणायचो. भरीला, कडेनं जाणाऱ्या एका गृहस्थांनी ‘मदत हवी का?’ विचारलं तर मी हात हलवून ‘नो नो, आय ॲम अ मेकॅनिकल इंजिनियर’ असं सांगितलं. मुलीनं ते ऐकलं.

तास झाला. ऊन चढलं. मी डब्यातून आणलेल्या साबुदाणा वड्यांना कुणी हात लावला नव्हता. शेवटी तिनं हात न लावता, तोंडी सांगूनच वर्कशॉपच्या मालकाला स्पीकरवर फोन लावला. ते म्हातारे अमेरिकन गृहस्थ. आम्ही त्यांना दोनदा भेटलोय, ते फार बोलत नाहीत. तिनं सगळं सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला, ‘व्हॉट चेंज्ड?’

‘नथिंग,’ ती म्हणाली. माझ्याकडे बघायचीही तिला गरज वाटली नाही. बाबा काहीच नाही म्हणाला होता, म्हणजे काहीच नाही.

‘मग शोधत राहा,’ असं काहीतरी म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिनं आणखी अर्धा तास शोधलं. मग पाना खाली ठेवला आणि धक्क्याच्या कडेवर, पाण्याकडे पाय सोडून बसली. मीही शेजारी जाऊन बसलो. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

‘दीड वर्षं हे काम करतेय मी,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्यांच्या बोटी रिपेअर करते. आणि आपली स्वतःची स्टार्ट करता येत नाही.’

‘होतं असं,’ मी म्हणालो.

‘मेबी आई इज राइट. मेबी आय ॲम जस्ट नॉट दॅट गुड. आय शुड जस्ट डू सीएस.’

हे वाक्य ऐकायला मी दीड तास गाडी चालवून आलो होतो. याच वाक्यासाठी मी मनात अकरा मुद्द्यांची यादी करून आणली होती, आणि त्यातला एकही न वापरता ते वाक्य माझ्या पुढ्यात आलं होतं. मला आता काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर मी सकाळपासून तरबेज झालो होतो. बोट ओढून घरी न्यायची, संध्याकाळी तिनं विद्यापीठाला हो म्हणायचं, बायको खूष, सनीव्हेल खूष. पुढे कधीतरी प्लगचंही कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मी खरं सांगतो, मी थोडा वेळ गप्प बसलोही. तेवढ्या वेळाची मला आजही लाज वाटते. मग मी तिच्याकडे बघितलं. ती काळी पडलेली नखं एकमेकांवर घासत होती, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या लहानपणापासून पाहिलेलं नव्हतं. आपल्याला येतं ते खरं तर येतच नाही असं वाटल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी नोकरीच्या पहिल्या वर्षी आरशात रोज बघायचो. तिच्या चेहऱ्यावर ते मी आणलं होतं.

‘मी रविवारी प्लग बदलले,’ मी म्हणालो.

तिला कळायला वेळ लागला. ‘व्हॉट?’

‘स्पार्क प्लग. आठही.’

‘वायर्स एक एक करून काढल्यास?’

‘नाही. सगळ्या एकदम.’

‘लेबल लावलीस?’

‘नाही.’

‘मग परत कशा लावल्यास?’

‘एक, दोन, तीन, चार...’ माझा आवाज सहाच्या आसपास बारीक झाला.

ती उठून उभी राहिली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. ‘आय आस्क्ड यू,’ ती म्हणाली. ‘फर्स्ट थिंग. मी तुला विचारलं होतं, बाबा. मी त्यांनापण नथिंग सांगितलं.’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात वर नेला तर हात काळे, म्हणून तिनं खांद्यानं पुसलं. मी सॉरी म्हणालो. त्याआधी मी तिला कधी सॉरी म्हटलं होतं ते मला आठवेना, आणि बहुधा तिलाही आठवलं नसावं.

मग ती बोटीत उतरली. मी मागोमाग. इंजिनाच्या वरच्या लोखंडावर वर्षानुवर्षांचा तेलकट मळ साचला होता. तिनं तो एका जागी अंगठ्यानं खरवडला आणि म्हणाली, ‘वाच.’

लोखंडातच ओतलेले, उठावाचे आकडे होते. मी वाकून वाचले. एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. ठिणगी कुठल्या सिलिंडरला कितव्या नंबरनं द्यायची, ते बनवणाऱ्यानं इंजिनावरच लिहून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर, त्या रविवारी पूर्ण दुपारभर.

‘मोठ्यानं वाच, एक एक,’ ती म्हणाली. मी आकडा सांगायचो, ती ती वायर हुडकून तिच्या भोकात दाबायची, टक् असा आवाज यायचा, आणि मी पुढचा आकडा सांगायचो. मधे एकदा मी ‘एक्झॅक्टली’ म्हणालो तेव्हा तिनं नुसतं बघितलं. मी परत आकड्यांवर आलो.

चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि एकदम धडधडून सुरू झालं. पायाखालच्या फळ्या थरथरायला लागल्या. आम्ही दोघंही ओरडलो. ती ओरडली ते ठीक आहे. मी इतक्या जोरात ओरडलो की कॉफीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

तलावाच्या मध्यावर जाऊन तिनं इंजिन बंद केलं.

‘अगं, बंद कशाला केलंस!’ मी सीटचा दांडा घट्ट धरला.

‘इट विल स्टार्ट, बाबा.’ मग ती माझ्यासमोर बसली. ‘ओके. बोल. तू मला इथे बोलायलाच आणलंस ना? आय न्यू इट.’

अकरा मुद्दे होते. मला एकही आठवला नाही. मी म्हणालो, ‘मला भीती वाटते. तुझ्या हाताला काही लागेल अशी वाटते. लोक विचारतील मुलगी काय करते, आणि ते सांगताना माझा आवाज बारीक होईल, अशीही वाटते. आणि आज मला तुझा हेवा वाटला. बावीस वर्षांत माझं एखादं काम सुरू झालं म्हणून मी असा कधी ओरडलो नाही.’

बोट हळूहळू फिरत होती. आई नाराज होईल, ती म्हणाली. होईल, मी म्हणालो, पण तिच्याशी मी बोलेन. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं कसं ते मलाच कळलं नाही.

‘माझ्या बॅगेत फोन आहे,’ ती म्हणाली. ‘काढ.’

मी काढला. तिनं आकडे सांगितले, मी ते दाबून फोन उघडला. पान आधीच उघडलेलं होतं, त्या उत्तरेच्या कोर्सचं. खाली प्रवेश स्वीकारायचं निळं बटण होतं.

‘तू दाब ना,’ मी म्हणालो. ‘तुझं आहे ते.’

तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. कोपरापर्यंत ग्रीस. ‘माझ्या हातांनी स्क्रीनला काही कळणार नाही, बाबा. तूच दाब.’

माझे हात स्वच्छ होते. मी दाबलं.